बांगडीचे चरे

राजाभाऊंनी गिटार माझ्या हातात दिली आणि मी ती आधी नाकाजवळ नेली. दिवाणखान्यातली माणसं हसली. साखर कारखान्याचे दोन संचालक होते, एक फोटोवाला होता, राजाभाऊंची सून होती. म्हातारी वास घेतेय म्हणून हसले असतील. हसू द्या. अक्काची गिटार चाळीसहून जास्त वर्षांनी घरी येणार म्हणून मी सोलापूरहून पहाटेच निघून आले होते, आणि हातातल्या त्या लाकडाला नव्या फर्निचरच्या दुकानाचा वास येत होता.

"तीच आहे बघा," राजाभाऊ म्हणाले. "जशीच्या तशी जपलीय. एक ओरखडासुद्धा पुसू दिला नाही."

बाहेर मांडवात खुर्च्या लागत होत्या. कारखान्याचा वर्धापनदिन होता. राजाभाऊंच्या मनात आलं होतं की कारखान्याच्या जुन्या ऑर्केस्ट्रातली ती गिटार मूळ घरच्या लेकींना स्टेजवर बोलावून, साडी-नारळ देऊन, सन्मानानं परत करावी. बॅनरवर तसं छापलंही होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं, विमलअक्कानं, फोनवरच सांगितलं होतं, "म्या न्हाय येत. तुला जायचं तर जा." मी गेले. का गेले ते पुढं कळेल.

खरी गिटार आली ती दुष्काळात. आमचं गाव तामलवाडीहून आत, रस्ता संपून बैलगाडीची चाकोरी सुरू होते तिथं. दादा म्हणजे माझे वडील विहिरींवरच्या मोटारी भरायचे. जळलेल्या मोटारीतलं तांब्याचं वेटोळं काढायचं, नव्या तारेचं बसवायचं, वार्निश पाजायचं, उन्हात ठेवायचं. आमच्या घराला बारा महिने त्या वार्निशाचा वास असे. शाळेतल्या पोरी म्हणत, तुझ्या परकरालाबी येतो. मग विहिरी आटल्या आणि मोटारी गप्प झाल्या. चालती मोटार जळते, बंद मोटार कशाला जळेल? दादांनी पक्कड-पान्हे गोणपाटात गुंडाळले आणि सगळ्या गावाबरोबर खडी फोडायला गेले.

त्या सालाचं मला काय आठवतं? खडीच्या ढिगाचा आवाज आठवतो, शंभर हातोड्या आणि एकाही हातोडीला ताल नाही. मिलोच्या, म्हणजे मदतीत आलेल्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीचा उग्र वास, जो हात धुतले तरी जात नसे. आणि धुवायला पाणी कुठं होतं? सुकडी आठवते, कागदाच्या पुडीतली, गोडसर, टाळूला चिकटणारी. शिवारात हिरवं म्हणून एक निवडुंग तेवढा होता. लोक आता दुष्काळाच्या आठवणी गोड करून सांगतात, माणसं कशी एक झाली होती वगैरे. आमच्या वस्तीला कुणी एक झालेलं दिसलं नाही. पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर आम्ही घागरी खाली ठेवायच्या आणि दूर उभं राहायचं. वरून पाणी ओततील तेवढं आपलं. अर्धं मातीत जायचं. माती पीत होती त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बोअर मारायचं यंत्र आलं. त्याबरोबर परदेशातला एक माणूस होता, उन्हानं विटेसारखा भाजलेला. त्याला सगळे लालसाहेब म्हणत. माय त्यांच्या तंबूवर भाकऱ्या थापायला जायची. दुपारी यंत्र तापलं की बंद ठेवत, आणि लालसाहेब एका काळ्या पेटीतून गिटार काढून तिची वायर एका डब्याला लावायचा. पोकळ पोट नसलेली, सपाट, भरीव लाकडाची गिटार. जनरेटरच्या फटफटाटावर तिचा आवाज निघायचा तो असा की कुत्री उठून बसायची. मग एके दिवशी ती मुकी झाली. त्यानं थोपटलं, हलवलं, शिव्या दिल्या. आमच्या वस्तीत हातपंप बसवून यंत्र पुढच्या गावाला निघालं तेव्हा त्यानं ती पेटी मायच्या हातात दिली आणि खुणेनं सांगितलं, ठेव तुला.

माय घरी आली आणि म्हणाली, "लाकूड लई वाळल्यालं हाय. चार दिस चूल चालंल."

दादांनी ती चुलीपासून वाचवली. गोणपाट उलगडून पेचकस काढला आणि गिटारीचं पांढरं पत्र्यासारखं झाकण उघडलं. मी शेजारी, भर उन्हात, मांडीला मांडी लावून बसले होते, कारण बारीक तार धरायला दादांना माझी बोटं लागत. आत काय होतं ते मला आजही डोळे मिटून सांगता येतं. लाकूड कोरलं होतं ते कुणीतरी हातानं. एका बाजूला पटाशी जरा जास्त गेली होती. तारांवर प्लास्टिक नव्हतं, मेणात बुडवलेलं कापड होतं, जुन्या दिव्याच्या वातीसारखं पिवळं. रंगाखाली तीन ठिकाणी खिळ्यांची भोकं होती. दादा म्हणाले, "रंग वाळस्तोवर खिळ्यांवर उभी केली आसंल." आणि मान जिथं अंगाला जोडली होती तिथं पेन्सिलीनं कुणीतरी इंग्रजी दोन अक्षरं लिहिली होती. दादा बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिले. "आपल्यासारखाच कुनीतरी मिस्त्री आसंल," म्हणाले.

तारांच्या खाली चुंबकावर गुंडाळलेलं वेटोळं असतं, त्यातून आवाज निघतो. आताची पोरं त्याला पिकअप म्हणतात. ते तुटलं होतं. मोटारीची तार त्याला सुतळीसारखी झाली असती. दादांनी कुणाच्या तरी मेलेल्या रेडिओतली केसाएवढी तार सोडवली, आणि ती मी गुंडाळली. तीन दिवस. हजारावर गेल्यावर मोजणं विसरायचे, पुन्हा खडूची रेघ मारून सुरू करायचे. दोनदा तुटली. गाठ मारून कथलाचा डाग दिला. शेवटी मेणबत्ती वितळवून वर ओतली, आणि दादांनी सवयीनं मोटारीच्या वार्निशाचा एक थेंब दिला. त्या दिवसापासून त्या गिटारीला आमच्या घराचा वास लागला.

लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्याच्या मशीनला ती जोडली आणि अक्कानं जाडी तार छेडली. कर्ण्यातून जो आवाज आला त्यानं वस्तीतली सगळी दारं उघडली.

अक्का तेव्हा पंधरा वर्षांची असेल. तिला कुणी शिकवलं नाही. दादा आमच्या भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. अक्कानं पेटीच्या सुरांवर तारा लावल्या आणि गाण्याची चाल एकेका तारेवर शोधत बसली. तुटक्या कंगव्याचा तुकडा घासून तिनं तारा छेडायची पट्टी केली. वर्षभरात ती पार्टीत बसली. जयंतीच्या मिरवणुका, लग्नं, बारशी. ईटला गेलो, माकणीला गेलो, सोलापुरात गेलो. पांढरं पातळ, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि मांडीवर ती लाल, तकतकीत, परमुलखातली गिटार. तिच्या उजव्या मनगटातल्या बांगड्या लाकडावर घासायच्या. तारांच्या वरच्या अंगाला बारीक बारीक चरे पडत गेले, कोंबडीनं उकरल्यासारखे, अर्धगोल.

दादा म्हणाले, "ईमल, वाजवताना बांगड्या काढून ठिवत जा. रंग जातोय."

"जाऊ द्या," अक्का म्हणाली. "त्याबी वाजत्यात की. ताल धरत्यात."

खरंच धरत. कर्ण्यातून तारेचा सूर यायचा आणि त्याच्यामागं पुसटशी काचेची किणकिण. मी जन्मात पुढं पुष्कळ गिटारी ऐकल्या. किणकिण कुठं नव्हती.

मग पाऊस परतला, तलाव भरले, ऊस आला आणि उसामागून कारखाना. ज्या माळावर आम्ही खडी फोडली तिथून त्याची चिमणी दिसे. वारा फिरला की मळीचा आंबूस वास गावावर येऊन बसायचा, आणि लोक छाती भरून घेत, जणू अत्तर आहे. सहकार असा शब्द भिंतीभिंतींवर होता. कारखान्याच्या चेअरमनचे पुतणे राजाभाऊ. त्यांनी कामगारांच्या करमणुकीसाठी ऑर्केस्ट्रा काढायचं ठरवलं, आणि एका दुपारी त्यांची जीप आमच्या वस्तीत आली.

मायनं चहा केला. दूध शेजारून आणलं. राजाभाऊ म्हणाले, "आत्ताच झालाय." कप तसाच राहिला, त्यावर साय धरली. मला त्या सायीचा राग अजून येतो.

"एका कार्यक्रमापुरती द्या," ते दादांना म्हणाले. "अशी वस्तू जिल्ह्यात दुसरी नाही."

"पोरीची हाय जी ती," दादा म्हणाले. "तिला इचारतो."

अक्का दारातच उभी होती. "वाद्यासंगं म्या यीन की," ती म्हणाली. "वाजवनारी सोडून वाद्य कसं जाईल?"

राजाभाऊ हसले. वाईट हसले असंही नाही. लहान मुलानं चंद्र मागितला की हसतात तसं. "आमच्याकडं घरंदाज लोक वाजवतात, बाई. वाद्य पाहिजे. वाजवणारे आहेत."

"मंग न्हाय," अक्का म्हणाली आणि आत गेली. दादांनी हात जोडले. जीप धूळ उडवत गेली. मायनं तो चहा उंबऱ्याबाहेर ओतला.

आठ दिवसांनी जीप पुन्हा आली. दादा मोटार उतरवायला शेजारच्या गावी गेले होते. माय रानात निंदायला. अक्का सोलापूरला तारा आणायला गेली होती. घरी मी एकटी होते, सोळा वर्षांची, आणि नुकतीच दोन घागरी घेऊन आले होते. लालसाहेबाचा हातपंप दोन उन्हाळ्यांतच कोरडा पडला होता. पुन्हा मळ्यातली विहीर, पुन्हा दूर उभं राहणं, पुन्हा ओंजळीएवढं पाणी मातीत. माझे खांदे ओले होते आणि मान मोडून आली होती.

राजाभाऊ खाली उतरलेच नाहीत. जीपमधूनच म्हणाले, "तुझ्या वडलांना कारखान्यात इलेक्ट्रिकच्या खात्यात घ्यायचं चाललंय. कायम. राहायला खोली. घरात नळ."

मी विचारलं, "घरात?"

"घरात. तोटी फिरवली की पाणी."

मी आत गेले. काळी पेटी खुंटीखाली होती. उचलली. जड होती, तिचा पट्टा खांद्याला लावला तेव्हा घागरीनं सोललेल्या जागेवरच बसला. जीपच्या मागच्या सीटवर ठेवली. कुणी माझा हात धरून नेलं नव्हतं, कुणी धमकी दिली नव्हती. इतक्या वर्षांत मी पुष्कळ कारणं जुळवून पाहिली. नळ सोडून दुसरं कारण नव्हतं.

संध्याकाळी दादा आले. मी सांगितलं. ते खाली बसले, भिंतीला टेकून, पायातली चप्पल न काढता. मग म्हणाले, "तू गप ऱ्हा. तिला म्या सांगतो."

अक्का आली ती तारांची पुडी हातात घेऊन, बसच्या धुळीनं माखलेली आणि खुशीत. पेटी जागेवर नाही हे तिनं दारातूनच पाहिलं.

"कुठं हाय?"

"दिली," दादा म्हणाले. "कारखान्यावाल्याला."

"तुमी दिली?"

"व्हय. म्या दिली."

मी चुलीपाशी होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी भाकरी थापत राहिले.

अक्का भांडली नाही, रडली नाही. तिनं दादांना त्या दिवसापासून हाक मारणं बंद केलं. दादांना नोकरी मिळाली, खोली मिळाली, नळही मिळाला. त्या तोटीचा पहिला फसफसाट, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. मी घागर लावली आणि ती भरताना पाहत उभी राहिले. अक्का त्या खोलीत एक दिवस राहिली नाही. मावशीकडं गेली, तिथूनच माकणीला लग्न झालं. ऑर्केस्ट्रा दोन-तीन वर्षं चालला. राजाभाऊ स्वतःच गिटार गळ्यात घालून उभे राहत. दादा कामावरून येताना तो आवाज ऐकायचे आणि घरी येऊन न जेवता झोपायचे.

दादांचं शेवटचं आलं तेव्हा मी माकणीला निरोप धाडला होता, बघायचं तर ये. अक्का आली ती ते गेल्यावर, तिसऱ्या दिवशी. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. निघताना मला म्हणाली, "त्यांनी माझं एकच काय ते इकलं." मी तेव्हाही गप्प राहिले.

तर आता राजाभाऊंच्या दिवाणखान्यात, गालिच्यावर मांडी घालून, मी ती गिटार मांडीवर घेतली.

माझं सगळं आयुष्य वेटोळी भरण्यात गेलं. सोलापुरात नवऱ्याच्या बरोबरीनं दुकान चालवलं, तो गेल्यावर एकटीनं. गेली काही वर्षं कॉलेजची पोरं गिटारी घेऊन येतात. बारीक तारेचं काम करणारं दुसरं कुणी नाही म्हणून. त्यांनीच मला शिकवलं की परदेशातल्या कंपन्या आता स्वतःच्याच जुन्या गिटारींच्या हुबेहूब नव्या आवृत्त्या काढतात. तोच रंग, तोच आकार, तोच शिक्का. वर आणखी, त्या जुन्या दिसाव्यात म्हणून कारखान्यातच रंग खरवडतात, लोखंडाला गंज चढवतात, आणि त्या खरवडीचे जास्त पैसे घेतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. झिजायला आम्हाला जन्म लागला. हे दुकानातून झीज विकत आणतात.

मी गिटार पालथी केली. पाठीवर मधोमध ओरखड्यांचा एक झुबका होता.

"हे कशाचे?" मी विचारलं.

"वापरून पडलेत," राजाभाऊ म्हणाले. "जुनी वस्तू आहे."

"पट्ट्याच्या बकलाचे आहेत. पँट घालून उभ्यानं वाजवणाऱ्याचे."

"मग मीच वाजवत होतो की!"

"बरं," मी म्हटलं आणि ती सुलटी केली. तारांच्या वरच्या अंगाला कोपराजवळ रंग उडवलेला होता. आतलं लाकूड पांढरं, नुकत्याच सोललेल्या दातवणासारखं. घामानं रंग गेला की लाकूड काळवंडतं. तळहातानं मऊ होतं. ही पॉलिशपेपरची झीज होती. आणि रंगाला आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा पडायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. नखानं टोकरलं तर प्लास्टिकच्या बादलीसारखं लागलं. मानेवरचे ठिपके मोत्यासारखे चमकत होते. आमचे मातकट होते, खडूच्या चुऱ्यासारखे.

"बांगड्यांचे चरे कुठं आहेत, राजाभाऊ?"

"कसल्या बांगड्या?"

मी पर्समधून पेचकस काढला. माझ्या पर्समध्ये तो नेहमी असतो. फोटोवाला पुढं झाला, त्याला वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. मी अकरा स्क्रू काढले, चहाच्या बशीत ठेवले, झाकण उघडलं. कोरीव काम असं गुळगुळीत की माणसाचा हात लागलेलाच नाही. खिळ्यांची भोकं नाहीत. तारांवर कापड होतं, ते मात्र होतं. इतकी हुशारी त्यांनी केली होती. पण ते कापड लग्नातल्या आहेरासारखं कोरं होतं. वेटोळं मशीननं भरलेलं, एकसारखं, रिळावरच्या दोऱ्यासारखं. माझं वाकडंतिकडं होतं, दोन गाठींचं, वर मेणबत्तीचा थर.

"ही आमची नाही," मी म्हटलं.

संचालक एकमेकांकडं बघू लागले. राजाभाऊंनी त्यांना आणि फोटोवाल्याला मांडवात धाडलं, सुनेला आत पाठवलं, दार लोटलं, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज खाली आला.

"ताई, ती मुंबईच्या एका माणसानं नेली. पुष्कळ वर्षं झाली. जुन्या गिटारींचा शौकीन होता. चांगली किंमत आली."

"विकलीत."

"पडून होती हो. कोण वाजवणार होतं?"

त्यांना आपण काय बोललो हे कळलंसुद्धा नाही. त्या वेळी मला समजलं की या माणसाला अक्का आठवतच नाही. दारात उभी राहून 'म्या यीन की' म्हणणारी मुलगी त्यांच्या आठवणीत कुठंच नव्हती. त्यांना फक्त जीप आठवत होती.

"ही मी मुद्दाम मागवली," ते म्हणाले. "त्याच सालच्या मॉडेलची. दिसायला सेम आहे. तुम्ही स्टेजवर घ्या, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. कुणाला कळणार?"

"मला कळलं की."

"तुमच्याशिवाय हो."

"माझ्याशिवाय म्हणजे? तुम्ही ही कुणाला परत देणार होता?"

"ताई, बॅनर लागलेत. लोक बसलेत. काय सांगू मी स्टेजवर?"

"विकली म्हणून सांगा. पडून होती म्हणून सांगा. जे मला सांगितलं तेच."

मी उठले. गुडघ्यांनी वेळ घेतला, पण त्यांनी पुढं केलेला हात मी धरला नाही. गिटार गालिच्यावर तशीच उघडी ठेवली, आतड्यांसकट, स्क्रू बशीत. "बसवून घ्या कुणाकडून तरी," म्हटलं. टीपॉयवर माझ्यासाठी चहा ठेवला होता, काचेच्या चांगल्या कपात. "आत्ताच झालाय," असं म्हणून मी बाहेर पडले. फाटकापर्यंत गेले तोच मांडवातल्या लाऊडस्पीकरवरून माझं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. मी रस्त्याला लागले.

सोलापूरची गाडी समोर उभी होती. मी ती सोडली आणि माकणीला गेले.

अक्का अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे, बोटं अजून लांबसडक. मला पाहून म्हणाली, "आनली का?"

"नाही. ती आपली नव्हती."

मी तिला सगळं सांगितलं. वास, कोरं कापड, मशीनचं वेटोळं. पाठीवरच्या बकलाच्या ओरखड्यांचं सांगितलं तेव्हा ती हसली. शेंगा सांडेपर्यंत हसली. "मला पट्टा? पातळावर?" पदरानं डोळे पुसले. मी तिला असं हसताना किती वर्षांनी पाहत होते. मला वाटलं, एवढ्यावर थांबावं. चहा प्यावा, शेंगा फोडाव्यात, रात्री तिच्याशेजारी अंथरूण घालावं.

"सारकेच समदे," ती हसणं ओसरल्यावर म्हणाली. "त्यानं मुंबईवाल्याला इकली. दादानं त्याला. एकानं पैशापायी, एकानं नोकरीपायी."

शेंगांची टरफलं वाऱ्यानं माझ्या पायाशी येत होती.

"दादांनी दिली नाही, अक्का," मी म्हटलं. "मी दिली."

तिचे हात थांबले.

"दादा घरी नव्हते. तू तारा आणायला गेली होतीस. जीप आली. घरात नळ देतो म्हणाले. मी पेटी उचलून जीपमध्ये ठेवली."

"आन दादा मला म्हनले, म्या दिली."

"हो."

"तू चुलीपाशी हुतीस तवा."

"हो."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग एकेक प्रश्न विचारत गेली, हळू, जणू अंधारात पायऱ्या चाचपतेय. दादा मला रागवले का? नाही. मायला माहीत होतं का? माहीत होतं. दादांनी मला सांगू नको म्हटलं का? पहिल्या दिवशी म्हटलं. आणि नंतर? नंतर मी विचारलंच नाही.

"आन शेवटाला? म्या आले न्हाय तवा?"

"दाराकडं बघत होते."

"तवा तरी सांगावा धाडताना सांगायचं हुतंस, म्या दिली म्हनून. म्या पळत आले आस्ते."

तेव्हा माझा संसार चांगला चालला होता, लेकरं लहान होती, आणि अक्का माझ्याशी बोलत होती. ते मला घालवायचं नव्हतं.

"मला ती गिटार नगं हुती," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दोन-चार सालांत म्या तिला इसरलेबी आस्ते. दादानं दिली, ह्येच इसरता आलं न्हाय. बापाला तोंड दावलं न्हाय म्या. तुझ्या नळापायी."

"अक्का..."

"उठ."

"अक्का, ऐक तर..."

"उठ म्हनते न्हवं? साडेपाचची येस्टी हाय."

तिनं शेंगांचं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. तिची सून न्हाणीपाशी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिली, मला द्यावा की नाही असा चेहरा करून. मी तिला मानेनंच नको म्हटलं.

फाट्यावर तासभर एकटी उभी होते. त्या तासात मी चारदा फोन केला. अक्कानं एकदाही उचलला नाही. दादांनी मरेपर्यंत सोसलेला तो अबोला मुळात माझ्या वाट्याचा होता. एस्टी आली. मी चढले, आणि कंडक्टरनं कुठं विचारलं तेव्हा सोलापूरचं एक तिकीट मागितलं.